स्किझोफ्रेनियाची पहिली गोळी ठरवताना

स्किझोफ्रेनियाचे निदान झाले की घरची मंडळी बहुधा सगळ्यात भारी गोळी कोणती, असे विचारतात. पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्या रुग्णासाठी हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही, कारण भास आणि संशय आटोक्यात आणण्यात रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, अ‍ॅरिपिप्राझोल किंवा अमिसल्प्राइड यांच्यात मोठे अंतर नसते. अंतर असते ते दुष्परिणामांत, आणि मनोविकारतज्ज्ञांशी बोलून निवड करायची ती त्यावरूनच.

औषध सुरू होण्यापूर्वी वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातील चरबी तपासून घ्यावी. घरात मधुमेह असेल किंवा वजन आधीच जास्त असेल, तर ओलान्झापिन शक्यतो टाळावे. रिस्पेरिडोनने काही स्त्रियांची पाळी लांबते किंवा थांबते. लग्नाच्या वयाच्या मुलीबाबत ही गोष्ट घरातच दाबली जाते, ती डॉक्टरांना अवश्य सांगावी. अ‍ॅरिपिप्राझोल वजनाच्या दृष्टीने बरे. मात्र त्याने काहींना एका जागी बसवत नाही, आणि आजारच बळावला असे समजून गोळी परस्पर बंद केली जाते. हॅलोपेरिडोल स्वस्त आहे, पण त्याने अंग ताठरण्याचा आणि हात थरथरण्याचा त्रास अधिक होतो.

सुरुवात लहान डोसाने करावी. रिस्पेरिडोन दिवसाला 1 ते 2 मिलिग्रॅमने सुरू करून आजाराच्या पहिल्या खेपेला बहुधा दिवसाला 2 ते 4 मिलिग्रॅम पुरते. योग्य डोसावर चार ते सहा आठवडे थांबल्याखेरीज गुण आला नाही असे म्हणू नये, आणि गुण आल्यावरही निदान वर्ष-दोन वर्षे औषध सोडू नये.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट आधीच बोलावी लागते. बीडकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, आणि गोळ्या नेमक्या या काळात तुटतात. अशा घरात, तेच औषध गोळीच्या रूपात सोसते हे पाहून, महिन्याच्या इंजेक्शनचा विचार पहिल्यापासून करावा. ते कोठे टोचून मिळेल हे निघण्यापूर्वीच ठरवावे. ताठरपणावर दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिलने घाम कमी येतो, त्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हात शेतावर राबणाऱ्याने ती गोळी चालू ठेवायची का, हे विचारून घ्यावे.

क्लोझापिन हे औषध पहिल्या फळीत येत नाही. दोन औषधे पुरेशा डोसात, पुरेसे दिवस देऊनही उपयोग झाला नाही तरच ते सुरू करतात, आणि रक्तातील पांढऱ्या पेशी घटत नाहीत ना हे पाहण्यासाठी पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावे लागते.