ईसीसी रॅमची वीज वाचवायचीय? मग या चुका टाळा

लोअर परळला मिलच्या कंपाउंडमधल्या एका गाळ्यात छोटा स्टुडिओ आहे, तिथला सर्व्हर मी सांभाळतो, आणि मे महिन्याचं लाइट बिल आलं की सरांची पहिली नजर त्या डब्यावरच जाते. यंदा कुणीतरी त्यांच्या कानात भरवलं की ईसीसी रॅम (म्हणजे स्वतःच्या चुका, एरर, ओळखून दुरुस्त करणारी मेमरी) जास्त वीज खाते, काढून साधी टाका. म्हटलं सर, आधी हिशोब करू. डीडीआर४ पिढीच्या साध्या रॅम स्टिकवर एका बाजूला ८ चिप असतील तर ईसीसीवर ९, कारण ६४ बिटांमागे चूक पकडायला ८ जादा बिट, म्हणजे चेक बिट, ठेवावे लागतात. एक स्टिक ३ वॅट धरली तर चार स्टिकचे १२, त्याचा आठवा हिस्सा दीड वॅट, गुणिले २४ तास, गुणिले ३० दिवस, झालं महिन्याला साधारण १ युनिट. एवढं तर तुमच्या केबिनचा एसी तासाभरात संपवतो.

म्हणून पहिली चूक हीच, ईसीसी काढून टाकणं. गूगलच्या सर्व्हरांवरचा २००९ चा अभ्यास प्रसिद्ध आहे, त्यात वर्षाला ८ टक्क्यांहून जास्त स्टिकवर एरर सापडल्या होत्या. एका युनिटसाठी क्लायंटची फाइल गुपचूप खराब होऊ द्यायची का, तुम्हीच ठरवा.

खरी वीज कुठे जाते ते बघा. एरर दुरुस्त करायला जवळपास काहीच लागत नाही, प्रत्येक रीडला चेक बिट जुळतात का एवढं एक्सऑर गेट (बिट ताडून बघणारी छोटी सर्किटं) बघतात आणि जुळले की पुढे. वीज जाते ती रॅमला विनाकारण जागं ठेवण्यात. पॅट्रोल स्क्रबिंग (गस्त घालून सफाई) हे त्यातलं एक कारण, म्हणजे रॅम चालवणारा मेमरी कंट्रोलर फावल्या वेळात सगळी रॅम वाचत फिरतो आणि सापडलेली एरर लिहून नीट करतो, सोसायटीच्या वॉचमनसारखा. बऱ्याच सर्व्हरवर ही फेरी २४ तासांची असते. १२८ जीबी रॅम असेल तर ६४ बाइटचा एक तुकडा दर ४० मायक्रोसेकंदांना वाचला जातो, हे ठीकच आहे. पण काही जण बायोसमध्ये जाऊन "जास्त सेफ" म्हणून फेरी १ तासाची करतात, मग तेच रीड दर १.७ मायक्रोसेकंदांना होतं आणि रॅमला गाढ झोपायला फुरसत मिळत नाही, रात्री ऑफिस बंद असलं तरी. लिनक्सवर ईडॅकच्या (मेमरीच्या एरर मोजणाऱ्या भागाच्या) फोल्डरमध्ये या फेरीचा वेग, स्क्रब रेट, दिसतो (सगळ्या बोर्डांवर नाही दिसत), तो बाइट पर सेकंदमध्ये असतो, १२८ जीबीच्या २४ तासांच्या फेरीला साधारण दीड एमबी पर सेकंद पडतो. तुमचा आकडा याच्या कितीतरी पट असेल तर कमी करा. पूर्ण बंद मात्र करू नका, दोन सुट्या एरर एकाच शब्दात (६४ बिटांच्या गटात) जमल्या की साधी ईसीसी फक्त ओरडते, दुरुस्त करू शकत नाही.

दुसरं, लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात ईसीसीची यूडीआयएमएम (डेस्कटॉपच्या खाचेत बसणारी स्टिक) आणायची आणि साध्या डेस्कटॉप बोर्डात लावायची. मशीन मस्त चालू होतं, म्हणून आपण खुश. पण बोर्डाला ईसीसी येतच नसेल तर नववी चिप नुसतीच बसून खाते, रिफ्रेश होते (साठवलेलं पुसलं जाऊ नये म्हणून पुन्हापुन्हा भरली जाते), वीज घेते, काम शून्य. डीएमआयडीकोडमध्ये (हार्डवेअरची माहिती दाखवणारी लिनक्सची कमांड) ७२ बिट दिसले म्हणून विश्वास ठेवू नका, ते कधीकधी स्टिकची माहिती वाचून सांगतं. ईडॅकमध्ये एमसी० नावाचं फोल्डर आलंय का ते बघा.

आता माझी स्वतःची फजिती. शनिवारी संध्याकाळी गाळ्यातला एसी बंद होतो, सोमवारी सकाळपर्यंत खोलीची भट्टी. त्यात गणपतीच्या मखराचा खोका वर्षभर सर्व्हरच्या पुढ्यात ठेवलेला, हवा आत जायला जागाच नाही, आणि मी रोज त्याच्यावरून हात घालून पेनड्राइव्ह लावायचो तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. रॅमच्या चिपमधला प्रत्येक सेल एरवी ६४ मिलिसेकंदांत एकदा रिफ्रेश होतो, चिप ८५ अंशांच्या वर गेली की ३२ मध्ये करावा लागतो, म्हणजे रिफ्रेशची वीज थेट दुप्पट, त्याने आणखी गरम. सोमवारी ईडॅकचा सीई काउंट (दुरुस्त झालेल्या एररची संख्या) बघितला तर एकाच स्टिकवर आकडा धावत होता. मी काय केलं, तर "करेक्ट होतायत ना, मग जाऊ दे" म्हणून सोडून दिलं. हीच मोठी चूक. करेक्टेड एररला इंटरप्ट (प्रोसेसरला हातातलं सोडायला लावणारी हाक) येऊ शकतो, काही सर्व्हरवर तर एसएमआय, म्हणजे बायोसची हाक, तेव्हा सगळे कोअर हातातलं काम टाकून थांबतात, आणि मशीन रिकामं असूनही प्रोसेसर खोल झोपेत जात नाही. मेमरीचं एकच पान (छोटा तुकडा) सारखं कुरकुरत असेल तर रासडीमनला (एररवर लक्ष ठेवणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) ते ऑफलाइन करू द्या. स्टिक काढून कॉन्टॅक्ट पुसून परत नीट बसवा, पावसाळ्यात आपल्याकडे हे लागतंच. तरी आकडा वाढला तर स्टिक बदला, गप्प. रोहॅमरच्या (रॅमची एक ओळ सारखी वाचून शेजारचे बिट उलटवणाऱ्या हल्ल्याच्या) भीतीने बायोसमध्ये रिफ्रेश कायमचा दुप्पट करून ठेवलेलाही मी बघितलाय, जिथे बाहेरच्या कुणाचा कोड चालत नाही तिथे गरज आहे का ते आधी विचारा.

माटुंग्याला, पवईला इंजिनीअरिंग कॉलेजात व्हीएलएसआयचे (चिप डिझाइनचे) प्रोजेक्ट करणाऱ्या पोरांसाठी वेगळं सांगतो. तुमचा टेस्टबेंच (डिझाइन तपासणारा कोड) दर दुसऱ्या रीडला एरर घुसवतो आणि त्याच अ‍ॅक्टिव्हिटीवर तुम्ही पॉवर रिपोर्ट काढता, मग करेक्शन ब्लॉकच राक्षस दिसतो. खऱ्या आयुष्यात सिंड्रोम (चेक बिट जुळवल्यावर उरलेला फरक) जवळपास नेहमी शून्य असतो. व्हेरिफिकेशनची आणि पॉवरची रन वेगळी ठेवा, सिंड्रोम शून्य असेल तर डीकोडरचे इनपुट हलूच देऊ नका, आणि साध्या हॅमिंग कोडऐवजी १९७० चा श्याओ कोड घ्या (दोन्ही चेक बिट काढायच्या पद्धती), त्याच्या मॅट्रिक्समध्ये '१' हे आकडे कमी म्हणून एक्सऑरही कमी. बाइट-बाइट लिहिणंही टाळा, एक बाइट बदलायला अख्खा शब्द वाचून, चेक बिट नव्याने काढून परत लिहावा लागतो.

डीडीआर५ घेतली म्हणून ईसीसी आलीच असं नाही हां, तिच्यात असते ती फक्त चिपच्या पोटातली ईसीसी, वाटेतल्या वायरींवरच्या एररचं तिला काही कळत नाही.

मखराचा खोका आता माळ्यावर आहे, ती स्टिक बदलली, काउंट शून्यावर. सर हल्ली पाण्याच्या कूलरकडे संशयाने बघतायत.