यूएसडीए होम लोन : 'इनकम लिमिटच्या वर' म्हणून नकार आला होता, असा सुटला

नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ काउंटीत झिरो डाउन पेमेंटचं यूएसडीए (अमेरिकेचं कृषी खातं) गॅरंटीड लोन हवं होतं, म्हणजे कर्ज लेंडर देतो आणि हमी खातं घेतं. ग्रीन कार्ड आहे, पत्ता यूएसडीएच्या पात्र ग्रामीण भागाच्या नकाशात बसतो, तरी लेंडर म्हणे इनकम जास्त. लेंडर बदलला, लोनवरून बायकोचं नाव काढलं, उपयोग शून्य, कारण घरातल्या सगळ्या मोठ्यांची कमाई धरतातच. फार मनस्ताप झाला.

लिमिट ग्रॉस पगाराला नाही, ॲडजस्टेड इनकमला, म्हणजे ठराविक वजावटी काढून उरलेल्या कमाईला लागतं! आधी सगळ्यांची वर्षाची कमाई मांडा, मग १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे ४८० डॉलर वजा करा, मग १२ वर्षांपर्यंतच्या मुलांचा डेकेअरचा खरा खर्च वजा करा, हाच मोठा आकडा असतो. आम्ही डेकेअरकडून खर्च लेखी घेतला, यूएसडीएच्या साइटवर इनकम एलिजिबिलिटीत भरला आणि निकालाची प्रिंट पावत्यांसकट लेंडरला दिली, तेव्हा फाइल पुढे सरकली.