बॅकअपचा नेटवर्क ड्राइव्ह सापडत नाही? वायरपासून पासवर्डपर्यंत असं तपासा

दुपारी लाइट जाऊन येते, ऑफिस पुन्हा सुरू होतं, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी होतात आणि संध्याकाळी बॅकअप घ्यायला गेलं की पडद्यावर लाल फुली: नेटवर्क पाथ सापडला नाही. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो, नवी पेठेतलं दुकान असो नाहीतर सात रस्त्याजवळचं सीएचं ऑफिस, फोनवरचं वाक्य ठरलेलं: "ड्राइव्ह उडाला वाटतं." खरंच उडालेला ड्राइव्ह क्वचित निघतो. बहुतेक वेळा तो कोपऱ्यात धडधाकट चालू असतो आणि कॉम्प्युटर त्याला जुन्याच पत्त्यावर शोधत बसलेला असतो.

नेटवर्क ड्राइव्ह म्हणजे राउटरला केबलने जोडलेली हार्डडिस्कची पेटी. मग ती सिनॉलॉजीची असो, क्यूनॅपची असो, डब्ल्यूडीची माय क्लाउड असो की राउटरच्या यूएसबीत खोचलेली साधी हार्डडिस्क. खालच्या बहुतेक पायऱ्या सगळ्यांना चालतात, पण क्रम मोडू नका. पासवर्ड बदलून बदलून दमल्यावर केबलच निसटलेली होती हे कळण्यात काही मजा नाही.

हात लावायचा नाही अशा दोन गोष्टी

पेटीच्या मागे टाचणीने दाबायचं एक बारीक छिद्र असतं, ते रिसेटचं. ते किती वेळ दाबलं की काय पुसलं जातं हे मॉडेलगणिक वेगळं, त्यामुळे घाईत तिथे टाचणी नेऊ नका. दुसरी गोष्ट, आतली डिस्क काढून थेट कॉम्प्युटरला जोडू नका. अशा पेट्यांतल्या डिस्कची मांडणी बहुधा लिनक्सची असते. विंडोजला ती वाचता येत नाही आणि ते लगेच विचारतं, "फॉरमॅट करू का?" कोणीतरी हो म्हणतं आणि तिथून पुढे प्रकरण डेटा रिकव्हरीवाल्याकडे जातं.

आधी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बघा

ऑफिसात दुसरा कॉम्प्युटर असेल तर त्यावरून तोच ड्राइव्ह उघडा. तिथे उघडला तर ड्राइव्ह, राउटर आणि मधली केबल ठीक आहे, दोष बहुधा तुमच्या कॉम्प्युटरच्या बाजूला आहे. दिव्यांचा भाग सोडून पुढे पत्त्यापासून तपासा. कुठेच उघडत नसेल तर ड्राइव्हकडे चला.

दिवे आणि केबल

ड्राइव्हच्या मागे केबल जिथे शिरते तिथे दोन बारीक दिवे असतात. एक स्थिर पेटतो, दुसरा लुकलुकतो. दोन्ही बंद असतील तर ड्राइव्ह आणि राउटर यांच्यात बोलणंच सुरू नाही. केबलचं टोक हातात घेऊन बघा. त्यावरची प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली असली की केबल वरून बसल्यासारखी दिसते, पण झाडू मारताना जरा धक्का लागला की निम्मी बाहेर येते. क्लिप 'टक्' आवाज करून बसली पाहिजे. दिवे तरीही पेटले नाहीत तर राउटरवरचं दुसरं भोक आणि दुसरी केबल वापरून बघा. ऑफिसात उंदीर असतील तर केबल कपाटामागे कुरतडलेली नाही ना, तेही पाहून घ्या.

लाइट जाऊन आल्यानंतरची तक्रार असेल तर सगळं बंद करून क्रमाने सुरू करा: पहिल्यांदा इंटरनेटवाल्याची पेटी आणि राउटर, त्यांचे दिवे स्थिरावले की ड्राइव्ह, शेवटी कॉम्प्युटर. ड्राइव्ह बंद करताना प्लग ओढू नका. पुढचं बटण दाबून त्याला स्वतःहून बंद होऊ द्या. सुरू झाल्यावर त्यालाही काही मिनिटं लागतात. वीज अचानक गेली असेल तर तो आधी आतल्या डिस्क तपासत बसतो आणि तेवढा वेळ कोणालाच दाद देत नाही. चहा घेऊन या.

पत्ता बदललाय का?

सोलापुरातल्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

राउटर नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.३४. हा पत्ता कायमचा नसतो. वीज गेली, राउटर नव्याने सुरू झाला की वाटप पुन्हा होऊ शकतं. काल ३४ वर असलेला ड्राइव्ह आज ३७ वर असतो आणि ३४ वर कोणाचा तरी मोबाइल बसलेला असतो. तुमच्या कॉम्प्युटरवर नेटवर्क ड्राइव्हला झेडसारखं अक्षर देऊन केलेल्या शॉर्टकटला हे कोणी सांगितलेलं नसतं. आणखी एक खास आपल्याकडचा प्रकार म्हणजे राउटर साध्या बोर्डावर आणि ड्राइव्ह इन्व्हर्टरवर. राउटर बंद पडून उठतो, ड्राइव्ह मात्र चालूच राहतो, आणि दोघांच्या हिशेबात फरक पडतो. दोन्ही एकाच इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर घेतले की निम्म्या तक्रारी बंद होतात, असं मी प्रत्येकाला सांगतो. ऐकणारे कमी.

आता तपासणी. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, चौकटीत सीएमडी (cmd) लिहून एंटर मारा. काळी खिडकी उघडेल. तिथे आयपीकॉन्फिग (ipconfig) लिहून एंटर मारा (अक्षरं, आकडे सगळं इंग्रजीतून). 'आयपीव्ही४ ॲड्रेस' या ओळीसमोर तुमच्या कॉम्प्युटरचा पत्ता दिसेल. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही; त्याचीच केबल किंवा वायफाय आधी नीट करा, ड्राइव्हचा यात काही संबंध नाही.

पत्ता ठीक असेल तर ड्राइव्हचा आजचा पत्ता शोधा. राउटरच्या तळाशी स्टिकरवर त्याच्या पानाचा पत्ता आणि पासवर्ड असतो. ब्राउझरमध्ये ते पान उघडून जोडलेल्या यंत्रांची यादी बघा. सिनॉलॉजीसाठी सिनॉलॉजी असिस्टंट आणि क्यूनॅपसाठी क्यूफाइंडर ही मोफत सॉफ्टवेअर हेच काम करतात. पत्ता मिळाला की काळ्या खिडकीत पिंग (ping), एक जागा सोडून तो पत्ता, आणि एंटर. 'रिप्लाय फ्रॉम' असं म्हणून ड्राइव्हच्याच पत्त्यावरून उत्तर आलं तर वाट मोकळी आहे. उत्तरात 'अनरीचेबल' हा शब्द असेल तर त्या पत्त्यावर कोणी नाही असं समजा.

मग फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेषा देऊन नवा पत्ता टाका: \\१९२.१६८.१.३७. फोल्डर दिसले तर झालं. शॉर्टकट नव्या पत्त्यावर पुन्हा जोडा. डाव्या बाजूच्या 'नेटवर्क' यादीत ड्राइव्ह दिसत नाही म्हणून मात्र घाबरू नका. नव्या विंडोजमध्ये जुने ड्राइव्ह त्या यादीत येत नाहीत, पण पत्ता टाकला की उघडतात.

हा ताप पुन्हा नको असेल तर राउटरच्या पानावर 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' नावाची सोय शोधा. ड्राइव्हच्या स्टिकरवर मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या यंत्राचा ओळख क्रमांक, छापलेला असतो. तो तिथे भरला की राउटर त्या ड्राइव्हला दर वेळी तोच पत्ता देतो.

दोन राउटर, दोन घरं

पिंगला उत्तर येत नाही आणि ड्राइव्ह तर चालू आहे, अशा वेळी दोन्ही पत्ते शेजारी लिहून बघा. कॉम्प्युटरचा १९२.१६८.१ ने आणि ड्राइव्हचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल तर दोघं बहुधा वेगवेगळ्या नेटवर्कवर आहेत. इंटरनेटवाल्याने एक पेटी बसवलेली असते, रेंज पुरत नाही म्हणून मालक बाजारातून दुसरा राउटर आणतात आणि ड्राइव्ह त्या दुसऱ्याला जोडला जातो. पहिल्या पेटीच्या वायफायवर असलेल्या लॅपटॉपला दुसऱ्या राउटरच्या मागचं काही दिसत नाही. उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट मोड'वर टाकणं, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता पहिल्याचंच नेटवर्क पुढे नेतो. ते जमत नसेल तर ड्राइव्ह आणि कॉम्प्युटर एकाच पेटीला जोडा.

पाहुण्यांसाठी दिलेल्या गेस्ट वायफायवर असाल तरीही ड्राइव्ह दिसणार नाही. ते मुद्दामच तसं असतं. ऑफिसचं व्हीपीएन (इंटरनेटवरून दुसऱ्या नेटवर्कला जोडणारं सॉफ्टवेअर) चालू असेल तर ते बंद करून बघा.

पासवर्ड आणि विंडोजची आठवण

पिंग चालतं, पण उघडताना नाव-पासवर्ड मागतो आणि दिलेला घेत नाही. इथे बहुतेक जण कॉम्प्युटरचा पिन टाकतात. तो पिन फक्त त्या कॉम्प्युटरपुरता. ड्राइव्हला त्याच्यावर बनवलेल्या वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड लागतो.

तो बरोबर असूनही नकार येत असेल तर विंडोजने जुना पासवर्ड धरून ठेवलेला असतो. कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शिअल मॅनेजर उघडा, विंडोज क्रेडेन्शिअल्समध्ये ड्राइव्हच्या नावाची किंवा पत्त्याची नोंद असेल ती काढून टाका, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि नव्याने पासवर्ड द्या. एकाच ड्राइव्हला एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडायला गेलात तर विंडोज १२१९ क्रमांकाची चूक दाखवतं. त्यालाही हाच इलाज.

यात एक छुपी गोम आहे. बऱ्याच ड्राइव्हमध्ये चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा आला की तो पत्ता आपोआप अडवण्याची सोय असते. पासवर्ड बदलल्यावर तुमचं बॅकअपचं सॉफ्टवेअर जुन्याच पासवर्डाने रात्रभर दार ठोठावतं आणि सकाळी तुमचा कॉम्प्युटर काळ्या यादीत. लक्षण ओळखायला सोपं: शेजारच्या टेबलावरून ड्राइव्ह उघडतो, तुमच्याकडून नाही. ड्राइव्हच्या सेटिंगमधल्या सुरक्षेच्या पानावर अडवलेल्या पत्त्यांची यादी असते, तिथून स्वतःला सोडवून घ्या.

नवा कॉम्प्युटर घेतला आणि ड्राइव्ह गायब

विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्या सुमारास अनेकांनी विंडोज ११ चे कॉम्प्युटर घेतले. जुन्यावर पासवर्डाशिवाय उघडणारा ड्राइव्ह नव्यावर उघडेना. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून पासवर्ड नसलेला पाहुणा म्हणून केलेला प्रवेश बंद आहे आणि दोन्हीकडच्या संदेशांवर डिजिटल सही असण्याची सक्ती आहे. पडद्यावर 'तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य येतं आणि दुकानदार विचारतो, "आमची कुठली संस्था, साहेब?" संस्था वगैरे काही नाही. ड्राइव्हवर पासवर्ड असलेला एक वापरकर्ता बनवा, ड्राइव्हचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

ड्राइव्ह फारच जुना असेल, किंवा राउटरच्या यूएसबीला लावलेली डिस्क असेल, तर विंडोज आणि ड्राइव्ह ज्या भाषेत फाइलींची देवाणघेवाण करतात त्या एसएमबीची त्याला फक्त पहिली आवृत्ती बोलता येत असण्याची शक्यता आहे. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच जुन्या आवृत्तीतल्या भोकातून जगभर पसरला. त्याच वर्षीपासून विंडोज १० च्या नव्या प्रतींत ती बसवणं मायक्रोसॉफ्टने बंद केलं. 'विंडोज फीचर्स'मध्ये जाऊन ती पुन्हा चालू करा, असा सल्ला तुम्हाला पाच मिनिटांत कोणीतरी देईल. मी देणार नाही. ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये दुसरी किंवा तिसरी आवृत्ती चालू करता येते का ते बघा. येत नसेल तर ती डिस्क यूएसबीने थेट जोडून बॅकअप घ्या आणि नव्या ड्राइव्हसाठी पैसे बाजूला काढा.

सकाळी चालतो, दुपारी गायब

हा आपल्या उन्हाळ्याचा आजार. छोट्या नेटवर्क ड्राइव्हच्या माहितीपत्रकात खोलीचं तापमान बहुधा ४० अंशांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा बाहेरच त्याच्या वर जातो, मग पत्र्याखालच्या माळ्यावर, बंद कपाटात काय होत असेल! ड्राइव्ह तापतो, स्वतःला वाचवायला बंद होतो आणि संध्याकाळी सुरू केला की पुन्हा नीट. यंत्रमागाच्या शेडला लागून ऑफिस असेल तर मागच्या पंख्याची जाळी बघा. कापसाच्या तंतूंचा पांढरट थर बसून ती पार बुजलेली सापडते. ड्राइव्ह बंद करून मऊ ब्रशने ती साफ करा आणि पेटी खाली, मोकळ्या हवेत ठेवा. ड्राइव्हच्या पानावर डिस्कचं तापमान दिसतं, ते दुपारी तीनला बघा. सकाळचा आकडा काही सांगत नाही.

ड्राइव्ह उघडला, बॅकअप तरी होत नाही

एक्सप्लोररमध्ये झेड ड्राइव्ह दिसतो आणि रात्रीचा ठरलेला बॅकअप म्हणतो झेड नाहीच. झेड हे अक्षर तुम्ही लॉग-इन केलेल्या खात्यापुरतं असतं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून किंवा पडद्यामागे चालणाऱ्या सॉफ्टवेअरला ते दिसेलच असं नाही. तिथे अक्षराऐवजी तिरक्या रेषांचा पूर्ण पत्ता द्या आणि ड्राइव्हचं नाव-पासवर्ड त्या सॉफ्टवेअरमध्येच भरा.

मग बॅकअप हाताने एकदा चालवा. पूर्ण झाला की त्यातली टॅलीची प्रत एका वेगळ्या, रिकाम्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा. चालू डेटावर चुकूनही नको. ती उघडून शेवटच्या व्हाउचरची तारीख बघा. आजची असेल तर कॉम्प्युटर बंद करून घरी जा. मागच्या महिन्याची निघाली तर ड्राइव्हवर जागा किती उरली ते तपासा. बहुतेक तो केव्हाच भरलेला असेल, आणि जुन्या प्रती किती दिवस ठेवायच्या ही सेटिंग बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये असते.