कपाशीचा डीएनए एएफएमखाली पाहताना या चुका टाळा

“सर, काहीच दिसून नाही राहिलं.” नागपुरात एएफएमवर (अणुबल सूक्ष्मदर्शक, जो बारीक सुई पृष्ठभागावर फिरवून चित्र काढतो) तासभर वेळ मिळालेला, त्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातून पहाटेची एसटी धरून आलेली आमची एमएस्सीची पोरगी रडकुंडीला आलेली. ज्या अभ्रकाच्या तुकड्यावर डीएनए पसरवतात, ते कोरं करकरीत. सुई बदलून पाहिली, तरी तेच.

दोष थर्मासमधून आणलेल्या नमुन्याच्या नळीत होता. डीएनए टीई बफरमध्ये (डीएनए साठवायचा नेहमीचा द्राव) ठेवला होता आणि पातळही टीईनंच केला. पाण्यात अभ्रकाचा पृष्ठभाग ऋणभारित, डीएनएही ऋणभारित. मध्ये मॅग्नेशियम किंवा निकेल असलं तरच दोघांचं जमतं. टीईमध्ये साधारण 1 मिलीमोलर ईडीटीए (धातूचे आयन पकडणारं रसायन) असतं आणि ते मॅग्नेशियमला एकास एक पकडून ठेवतं. आम्ही घातलेलं मॅग्नेशियमही जेमतेम तेवढंच! धुताना डीएनए पाण्याबरोबर गेला. तेव्हापासून शेवटचं पातळ करणं ईडीटीए नसलेल्या बफरमध्येच, 5 ते 10 मिलीमोलर मॅग्नेशियम घालून.

उलटंही होतं: धागे दिसतात, पण डीएनएचे नसतात. कपाशीच्या पानात पॉलिसॅकराइड (साखरेच्या लांब साखळ्या) आणि पॉलिफेनॉल (पानाला तपकिरी करणारी द्रव्यं) भरपूर, ती डीएनएसोबत येतात. आपण डीएनएला कुठलाच रंग लावलेला नसतो, सुईला फक्त उंचसखल कळतं. म्हणून कोवळी पानं घ्या, सीटॅब बफरमध्ये (पानातून डीएनए काढायचा द्राव) पीव्हीपी घाला, ते पॉलिफेनॉल धरून ठेवतं. नळीत तपकिरी झाक असेल तर एसटीचं तिकीट वाया घालवू नका. सोबत ओळखीचा नमुना हवाच. आम्ही एका जागी कापलेलं पीयूसी19 प्लाझ्मिड (ठरावीक लांबीचा छोटा गोल डीएनए) नेतो: 2,686 बेसजोड्या, दर जोडीला 0.34 नॅनोमीटर, म्हणजे धागा सुमारे 913 नॅनोमीटर भरायला हवा.

धागा 10-20 नॅनोमीटर रुंद दिसला तर घाबरू नका. त्यात सुईच्या टोकाची जाडी मिसळलेली असते. उंचीही डीएनएच्या खऱ्या जाडीएवढी, म्हणजे 2 नॅनोमीटर भरत नाही, हवेत अर्धा-एक मिळते. प्रत्येक धाग्याशेजारी एकाच दिशेला जुळा धागा दिसला, तर मात्र सुई खरंच गेली.

मे महिन्यात आमच्याकडे थेंब बघता बघता सुकतो आणि मिठाचे स्फटिक उरतात. डबीत ओला टिश्यू ठेवून वर झाकण घाला. धुवायला आरओचं पाणी चालत नाही, अतिशुद्धच लागतं. वाळवायला नायट्रोजन, हेअर ड्रायरनं आम्ही एकदा अख्खी धूळ चिकटवली आहे. अभ्रक चिकटपट्टीनं थेंब टाकायच्या अगदी आधी सोला. पट्टीवर पापुद्रा अखंड आला नसेल, तर पुन्हा सोला.