विमा प्रतिनिधीने ग्राहकाशी नाते कसे जोडावे

आयुर्विम्याचा करार पंधरा-वीस वर्षे चालतो आणि त्याचे पैसे पुष्कळदा ग्राहकाच्या पश्चात त्याच्या घरच्यांच्या हाती पडतात. म्हणूनच अर्जावर सही घेतली की ज्या प्रतिनिधीचे येणे-जाणे थांबते, त्याचे काम माझ्या मते अर्धेही झालेले नसते.

पहिल्या भेटीत कोणत्याही योजनेचे नाव काढण्यापूर्वी घरात कमावते कोण, कर्ज किती आणि पैसा हाती केव्हा येतो, हे विचारून घ्यावे. द्राक्षबागायतदाराचा पैसा हंगामानंतर एकदम येतो. त्याच्या गळ्यात मासिक हप्ता बांधणे योग्य नाही. पॉलिसी त्याच सुमारास सुरू करून वार्षिक हप्ता ठेवला, तर तो दरवर्षी हाती पैसा असतानाच भरायचा येतो.

प्रकृतीविषयीचे प्रश्न मात्र ग्राहकाशी एकांतात बोलूनच विचारावेत, कारण आईवडिलांसमोर बसलेला तरुण आपण तंबाखू खातो हे सहसा सांगणार नाही. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार दडवलेल्या माहितीवरून कंपनी पहिल्या ३ वर्षांत पॉलिसी रद्द ठरवू शकते आणि त्याची झळ शेवटी त्याच्या कुटुंबालाच बसते, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे. ओळखीपोटी कोणी पहिल्या हप्त्यात सूट मागितली, तर कलम ४१ ने तिला मनाई आहे असे सांगून नम्रपणे नकार द्यावा.

पॉलिसीची कागदपत्रे आली की स्वतः जाऊन ती ग्राहकासमवेत वाचावीत. न पटल्यास ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते, ही गोष्ट आपणहून सांगण्यास अनेक प्रतिनिधी कचरतात. परंतु ती सांगणाऱ्यावरच पुढे विश्वास बसतो, असे मला मनापासून वाटते.

त्यानंतरच्या वर्षांसाठी एक वही ठेवावी. हप्त्याच्या तारखांबरोबरच लग्न, बाळाचा जन्म, घराचे कर्ज, नोकरीतील बदल यांची नोंद तीत असावी. लग्नानंतर वारस म्हणून पत्नीचे नाव आपोआप लागत नाही. पूर्वी आईचे नाव दिलेले असेल, तर ते तसेच राहते. अशा वेळी शुभेच्छांबरोबर वारसनोंद बदलण्याचा अर्जही घेऊन जावे आणि निर्णय त्या दोघांवर सोपवावा. हप्त्याची सूचना देणारे संदेश कंपनीकडून येतच असतात, तरीही आठवडाभर आधी स्वतः फोन करावा. मुदत टळलीच, तर मासिक हप्त्याला १५ दिवसांची आणि इतर हप्त्यांना ३० दिवसांची सवलत मिळते, हे सांगावे. या फोनवर नव्या योजनेचा विषय काढू नये. दर फोनमागे काही विकायचे असते असे एकदा वाटू लागले, की ग्राहक फोन उचलणेच सोडतो.

विमाधारकाचे निधन झाल्यास सांत्वनाला जावे आणि पैशांचा विषय घरच्यांनी काढेपर्यंत थांबावे. मात्र क्रियाकर्म आटोपल्यावर त्यांना विचारण्याचे अवघड वाटत असेल, तर आपणच हळुवारपणे बोलावे. मूळ पॉलिसी, मृत्यूचा दाखला, वारसाचे ओळखपत्र आणि बँक खात्याचा तपशील लागेल, हे कागदावर लिहून द्यावे, दाव्याचा अर्ज शेजारी बसून भरावा आणि तो दाखल करताना त्यांच्यासोबत शाखेत जावे.