शुगर-बीपी घेऊन परदेशी चाललाय? इन्शुरन्सच्या या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी कुठंबी बघा, गल्लीत एकाचं तरी पोरगं दुबईला नाहीतर जर्मनी-अमेरिकेत असतंयच. आईवडलांचं तिकीट निघालं की कुंदा पॅक करायची घाई महिनाभर आधी, आणि इन्शुरन्स शेवटच्या रात्री मोबाईलवर, सगळ्यात स्वस्त दिसला तो.

त्यात पहिली चूक म्हणजे आजार लपवणं. "डायबेटिस आहे का" ला सरळ नो. एजंटबी म्हणतोय, कशाला लिहिताय वो, प्रीमियम वाढतंय. पण तिकडं ॲडमिट झालात की डॉक्टर आधी विचारणार गोळ्या कुठल्या चालू, ते केसपेपरवर उतरणार, आणि क्लेम आला की कंपनी इथली फाइलपण मागवते. मग क्लेम गेला, आणि एजंट फोन उचलत नाही.

दुसऱ्या चुकीत आमचे मामा सापडले. स्टेंट होता, फॉर्मवर लिहिलाबी होता. अमेरिकेच्या बऱ्याच व्हिजिटर प्लॅनमध्ये 'अक्यूट ऑनसेट' कव्हर असतंय, ते वाचून सगळ्यांना वाटतं जुना आजार कव्हर झाला. तसं नसतंय. जुन्याच आजारातनं पण अचानक, आधी काही लक्षण नसताना त्रास झाला आणि बहुतेक ठिकाणी 24 तासांच्या आत दवाखाना गाठला तरच पैसे. नेहमीचं चेकअप, गोळ्या, ठरवून केलेलं ऑपरेशन यातलं कायबी नाही, आणि वय वाढलं की रक्कमपण कमी. वर बऱ्याच प्लॅनमध्ये आधीच्या काही महिन्यांत औषध बदललेलं चालत नाही. मामांनी निघायच्या 3 आठवडे आधी बीपीची गोळी वाढवून घेतली, तब्येतीसाठी बरोबरच केलं, पण कंपनी म्हणाली तब्येत 'स्टेबल' नव्हती, बिल तुम्हीच भरा. म्हणून चेकअप तिकिटाच्या कितीतरी आधी उरका, आणि गोळी बदललीच तर पॉलिसी घ्यायच्या आधी त्यांना मेल करून लेखी उत्तर घ्या. गोळी लागत असताना इन्शुरन्ससाठी थांबायचं मात्र नाही हां.

नोकरीला जाणाऱ्यांचं गणितच वेगळं, आईवडलांचा नियम स्वतःला लावू नका. जर्मनीत सरकारी पद्धतीचा विमा जुन्या आजारावरनं नाकारता येत नाही, प्रायव्हेटवाले नाकारतात नाहीतर जादा पैसे लावतात, तरी तरुण पोरं स्वस्त बघून प्रायव्हेटकडं पळतात. यूकेला व्हिसाबरोबरच वर्षाला 1,035 पौंड हेल्थ सरचार्ज भरला की आजार कुणी विचारत नाही. दुबईत कामगाराचा विमा मालकानंच काढायचा असतो, पण बेसिक प्लॅन पहिल्यांदाच असेल तर जुन्या आजाराला 6 महिने थांबावं लागतं, तेवढ्या दिवसांचा औषधाचा बंदोबस्त आधी बघा. कोडीन, ट्रामाडॉलसारखं काही त्यात असेल तर आधी परवानगी काढल्याशिवाय बॅगेत टाकू नका.

युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसाला 30,000 युरोचं कव्हर लागतं, ते इमर्जन्सीपुरतंच, तिकडं जाऊन गुडघा दाखवतो म्हणाल तर चालायचं नाही.

आणि इथली मेडिक्लेम बंद करू नका. परत येऊन नवी काढलीत तर जुन्या आजाराचा वेटिंग पिरियड, जास्तीत जास्त 3 वर्षं, पहिल्यापासनं मोजतात.

निघताना डॉक्टरकडनं इंग्रजीत चिठ्ठी घ्या, गोळीचं जेनेरिक नाव आणि डोस लिहिलेली. आपल्याकडच्या ब्रँडची नावं तिकडच्या फार्मसीत कुणाला कळत नाहीत.