अंथरुणावर पडलं की झोप उडायची: माझी झोप कशी परत आली

लक्षण असं: सोफ्यावर डोळे मिटायचे, पण ११ला गादीवर पाठ टेकली की टक्क जाग. २ वाजेपर्यंत कूस बदलणं, सकाळी डोकं जड. आठ महिने असे काढले, रडकुंडीला आले होते.

जायफळ घातलेलं दूध, पायाला तेल, १०लाच आडवं होणं, सगळं केलं. लवकर आडवं होण्याने तर त्रास वाढलाच, कारण जागं पडून राहण्याचा वेळ वाढला.

उपयोग झाला तो डॉक्टरांनी सांगितलेल्या या क्रमाने. आधी आठवडाभर वहीत झोपेच्या वेळा लिहिल्या. सरासरी साडेपाच तास निघाली. मग उठायची वेळ सकाळी ६ पक्की केली, रविवारीसुद्धा. गादीवर जायचं रात्री साडेबाराला, आधी नाही. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं (घड्याळ बघायचं नाही) की उठून मंद दिव्यात मेथी निवडत बसायचं. डोळे जड झाले की परत. दुपारची डुलकी बंद, शेवटचा चहा १ वाजता, कारण पाच-सहा तासांनीही निम्मं कॅफिन अंगात उरतं. आठवडाभर गादीवरच्या वेळेपैकी ८५ टक्के झोप लागली, की १५ मिनिटं आधी आडवं व्हायचं.

पहिले दहा दिवस फार पेंग येते, तेव्हा गाडी चालवू नका. घोरताना श्वास अडकत असेल, फिट येत असतील किंवा बायपोलरचा (मन कधी अती उत्साही, कधी अती उदास होण्याचा आजार) त्रास असेल, तर हे स्वतःहून सुरू करू नका.

सातव्या आठवड्यात मी ११ला झोपून ६ला उठायला लागले.